मिक्सर-पंचा, जाळीचा ज्यूसर की कोल्ड प्रेस? भाज्यांचा रस रोज काढायचा असेल तर

ज्यूसर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो तो वॉटचा किंवा किमतीचा. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: रस कशाचा काढणार, गाजर-बिटाचा की पालक-कोथिंबिरीचा? आणि सकाळी किती ग्लास? या दोन उत्तरांवर नव्वद टक्के निवड ठरते. जीवनसत्त्वांचा क्रमांक त्यानंतर.

इंदूरमध्ये हिवाळ्यात लाल गाजर भरपूर येतं, म्हणून मोजमापाला तेच घेऊ. एक किलो गाजर, देठ काढून, धुऊन, साल खरवडून. जाळीच्या ज्यूसरमधून, म्हणजे जेएमजी (ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर) नावाने मिळतं त्या जोडमशीनमधून, साधारण ४०० ते ५०० मिली रस निघतो. कोल्ड प्रेसमधून, म्हणजे स्क्रूने हळू दाबून रस काढणाऱ्या मशीनमधून, ५०० ते ६०० मिली. मिक्सरमध्ये २०० मिली पाणी घालून वाटलं आणि पंचातून पिळलं तर भांड्यात ६००-६५० मिली दिसतं, पण त्यातलं पाणी वजा केलं की हा रसही जाळीच्या ज्यूसरच्याच पंगतीत बसतो. गाजर कोवळं की जून, ताजं की तीन दिवस फ्रिजमध्ये सुकलेलं, यानेही पन्नास-शंभर मिलीचा फरक सहज पडतो.

पालकाला मात्र हे गणित लागू नाही. जाळीचा ज्यूसर आधी किसतो आणि मग मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने रस बाहेर फेकतो. पान हलकं असतं, किसणीच्या दातांत नीट सापडत नाही, ओलं तसंच चोथ्याच्या डब्यात जाऊन पडतं. तो चोथा मुठीत दाबून बघा, बोटांतून हिरवं पाणी ठिबकतं. तो रस तुमचाच, फक्त ग्लासात न आलेला. पालक याच मशीनमध्ये घालायचा असेल तर पानांची घट्ट गुंडाळी करून दोन गाजरांच्या मध्ये दाबायची. थोडं सुधारतं, फार नाही. कोल्ड प्रेसमधला स्क्रू मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरे घेतो आणि पान चाळणीवर रगडत नेतो, म्हणून पालक, पुदिना, गव्हांकुर यांना तोच खरा. मिक्सरही पानांना वाईट नाही, उलट जाळीच्या ज्यूसरपेक्षा बरा, कारण पातं पान पूर्ण फोडतं आणि पिळायचं काम तुमच्या मनगटाचं.

घरात मिक्सर आहेच, तर त्यापासून सुरुवात करा. दोन ग्लासांसाठी साधारण सातशे ग्रॅम भाजी घ्या: ४०० ग्रॅम गाजर, १५० ग्रॅम काकडी, १०० ग्रॅम बीट, मूठभर पुदिना, बोटाच्या पेराएवढं आलं. दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. काकडी तळाला घाला म्हणजे पातं कोरडं फिरणार नाही. १०० मिली गार पाणी आणि बर्फाचे दोन खडे टाका. वीस-वीस सेकंदांचे तीन झटके पुरतात. एका दमात दोन मिनिटं चालवलं तर रस कोमट होतो, फेस चढतो, आणि भांडं जास्त भरलं असेल तर मोटर थांबते. अशा वेळी मशीन जळालं म्हणून घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाला ओव्हरलोडचं लाल बटण असतं. पाच-दहा मिनिटं थांबून ते दाबलं की पुन्हा सुरू. पंचा किंवा मलमल आधी पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या, कोरडं कापड दोन-तीन चमचे रस स्वतःच पितं. लिंबू पिळायचं ते शेवटी, ग्लासात.

कापडाचीच एक कटकट आहे. लगेच गार पाण्यात खळबळलं नाही तर गाजराचे तंतू विणीत बसतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. आठवड्यातून एकदा उकळा, उन्हात वाळवा, वासाचा साबण लावू नका. बिटाचा डाग जाणार नाही, तो विसरा.

जाळीच्या ज्यूसरचं खरं दुखणं जाळीच. रस काढल्यावर पाच मिनिटांत ब्रशने उलट बाजूने, म्हणजे बाहेरून आत, धुतली तर दोन मिनिटांचं काम. वाळली तर अर्धा तास भिजत घालणं आलं. भोकं बुजली की रस चोथ्याकडे जायला लागतो आणि लोक म्हणतात, मशीन जुनं झालं. अर्धा-पाऊण किलोनंतर मशीन थरथरायला लागलं तर चोथा जाळीत एका बाजूला साचलाय असं समजा. बंद करा, पूर्ण थांबू द्या, साफ करा. तसंच रेटलं तर जाळीच्या कडा वाकतात. आवाजही भरपूर. फ्लॅटमध्ये सकाळी साडेपाचला लावलं तर शेजारी काय म्हणतील ते सांगायला नको.

कोल्ड प्रेस शांत, पण हळू. चार ग्लासांना कापण्या-धुण्यासकट अर्धा तास धरा. गाजर बोटाएवढं लांब आणि बोटाएवढंच जाड कापायचं; मोठ्या तोंडाच्या मशीनमध्ये अख्खं जातं असं सांगतात, जातंही, पण जून गाजर अडकलं की रिव्हर्स दाबत बसावं लागतं. आलं आणि पालकाचे देठ लांब राहिले तर धागे स्क्रूला गुंडाळतात, म्हणून ते इंचभरच. कठीण आणि मऊ आळीपाळीने घाला, गाजर पानांना ढकलत नेतं. टोमॅटो किंवा काकडी एकटीच घातली तर रस दाट, लगद्यासारखा येतो; पुढे ढकलायला कडक भाजीच नसते. आणि भांड्याखाली चोथ्याच्या वाटेवर सिलिकॉनचं छोटं झाकण असतं, ते धुताना उघडतात आणि परत दाबायला विसरतात. मग ओट्यावर रस. गळक्या मशीनची तक्रार घेऊन दुकानात जाण्याआधी ते बघा. सलग किती मिनिटं चालवायचं तेही पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याच मशीनला पंधरा-वीस मिनिटांनंतर विश्रांती लागते.

आता जाहिरातीतला मोठा दावा: कोल्ड प्रेसमध्ये एन्झाइम जिवंत राहतात, बाकीच्यांत ‘मरतात’. एन्झाइम ही प्रथिनं. जठरातलं आम्ल त्यांची तीच गत करतं जी वरणातल्या प्रथिनांची करतं. जाळीच्या ज्यूसरमध्ये रस काही अंशांनी तापतो, शिजत नाही. फरक आहे तो हवेचा. वेगाने फेकलेल्या रसात हवा मिसळते, फेस येतो, रंग लवकर काळवंडतो, क जीवनसत्त्व घटू लागतं. म्हणून तो रस पंधरा-वीस मिनिटांत प्यायचा. कोल्ड प्रेसचा रस काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, २४ तास बरा राहतो. सकाळी काढून लगेच पिणाऱ्याला या फरकाचे हजारो रुपये जास्त मोजायचं कारण नाही. ऑफिसला बाटली नेणाऱ्याला आहे.

पैशांचं म्हणाल तर मशीनपेक्षा भाजी महाग पडते, हे कोणी सांगत नाही. चौघांना रोज २०० मिली म्हणजे ८०० मिली रस, त्याला दीड किलोच्या आसपास भाजी. महिन्याला ४५ किलो. ती रोज धुवायची, कापायची. चोईथराम मंडीतून आठवड्याची आणली तर दर बरा मिळतो, पण गाजर टिकतं, पालक तिसऱ्या दिवशी मान टाकतो. चोथाही महिन्याला वीस-बावीस किलो निघतो. गाजर-दुधीचा चोथा थालीपिठात उत्तम जातो. कोल्ड प्रेसचा कोरडा असतो, त्याला पीठ मळताना पाणी जास्त लागतं. उरलेला ओल्या कचऱ्याच्या डब्यात. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात शहराचा ओला कचरा जातो आणि त्या गॅसवर सिटी बस धावतात, तेव्हा चोथा अगदीच वाया गेला असं नाही.

पण तुमच्यासाठी तो गेलाच. ४०० ग्रॅम गाजरात अकरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि त्यातले बहुतेक चोथ्यात राहतात. पोट साफ होण्यासाठी किंवा साखर आवरण्यासाठी रस सुरू करत असाल तर कोशिंबीर जास्त काम करेल, आणि तिला मशीन लागत नाही. रसाचा उपयोग आहे तो भाजी खायचा कंटाळा असलेल्यांना, दात नसलेल्यांना, भूक मेलेल्यांना. पोहे-जलेबीवर एक ग्लास दुधीचा रस प्यायल्याने जलेबी वजा होत नाही.

दुधीवर इथे थोडं थांबायला हवं. बाजारात लौकी म्हणून घेतो तीच. कधीकधी एखादी दुधी कडू निघते. त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात आणि तिच्या रसाने माणसं दगावली आहेत. रस काढण्याआधी दोन्ही टोकांकडचा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. जराही कडू लागला तर अख्खी दुधी फेका, साखर-मीठ घालून झाकू नका. कारल्याचा रस त्यात मिसळू नका, खरा कडूपणा कळणारच नाही. प्यायल्यावर उलट्या, पोटात कळा, जुलाब झाले तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखाना गाठा. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात. कोणतंही मशीन हे विष काढत नाही.

बाकी पथ्यं थोडक्यात. मुतखडा झालेल्यांनी पालक-बिटाचा रस टाळावा, ऑक्सॅलेटमुळे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा रस नको. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर पालक अचानक वाढवू नये. मधुमेहाच्या गोळ्यांवर कारल्याचा रस घेतला तर साखर नको तितकी उतरू शकते. बिटानंतर लघवी गुलाबी झाली तर घाबरायचं नाही.

मग घ्यायचं काय? एक-दोन ग्लास, गाजर-काकडी-बीट, आठवड्यातून तीन-चार दिवस: मिक्सर आणि पंचा, नवीन खर्च शून्य. मोसंबी-डाळिंबही काढायचं, घरचा मिक्सर जुना झालाय, पालेभाजीचा नाद नाही: जेएमजी, साधारण तीन ते सहा हजार. रोज तीन-चार ग्लास, त्यात हिरवा रस हवाच: कोल्ड प्रेस, आठ-दहा हजारांपासून पुढे. तो घेताना दुकानात गाजराचा डेमो दाखवतील. तुम्ही पिशवीतून पालकाची जुडी काढा, तिचा रस काढून दाखवायला सांगा, चोथा मुठीत दाबून बघा, आणि चाळणी व सिलिकॉनचं झाकण सुटं मिळतं का ते विचारूनच पैसे द्या.