‘काय टाकलंस?’ असं विचारणारा मित्र

ऑनलाइन पोकरमध्ये मिक्स्ड गेमच्या, म्हणजे पोकरचे अनेक प्रकार आलटून पालटून खेळायच्या टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नुसता होल्डेम, म्हणजे पोकरचा नेहमीचा प्रकार, खेळणाऱ्यांनीही वाचावं, कारण मी तिथूनच आलो आणि इथे फसलो.

ज्याने फसवलं त्याला मी सर म्हणायचो. टेबलावरच्या चॅटमध्ये ओळख झाली. मी नुकताच हॉर्स खेळायला लागलो होतो. हॉर्स म्हणजे होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, सेव्हन कार्ड स्टड आणि स्टड हाय-लो हे पाच खेळ आलटून पालटून. 2006 मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरने 50,000 डॉलर प्रवेश फीची हॉर्स स्पर्धा पहिल्यांदा घेतली, ती चिप रीसने जिंकली. पुढे 2010 पासून त्या स्पर्धेत आठ खेळ आले. सर हे सगळं इतक्या गोडीने सांगायचे की ऐकत राहावंसं वाटायचं. रॅझ मला त्यांनीच शिकवला. त्यात सगळ्यात लहान पत्त्यांचा हात जिंकतो, एक्का ते पंजी हा सर्वोत्तम, आणि जोडी लागली की नुकसान. शिकवण्यात ते खरंच चांगले होते, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

काही दिवसांनी आम्ही एकाच टूर्नामेंटमध्ये बसायला लागलो. मग फोनवर मेसेज यायचा, ‘काय टाकलंस?’ मी पत्ते टाकलेले असायचे, सरांचा डाव अजून चालू असायचा. मी सांगायचो. मला वाटायचं, माझा हात तर संपला, आता सांगितलं तर कुणाचं काय जातंय?

पण स्टडच्या खेळांत खूप काही जातं. रॅझही त्यातलाच. त्यांत प्रत्येकाचे काही पत्ते झाकलेले आणि काही सगळ्यांना दिसतील असे उघडे असतात. आठ जणांच्या टेबलावर पहिल्या वाटपात तुम्हाला स्वतःचे तीन आणि इतरांचे उघडे सात, असे दहा पत्ते दिसतात. कुणी आपले झाकलेले दोन सांगितले की ते बारा होतात, दोघांनी सांगितले की चौदा. तुम्हाला हवी असलेली दुर्री गड्डीत उरली आहे की आधीच गेली, यावर पुढची प्रत्येक बेट ठरते. बाकीच्यांना न दिसणारे पत्ते एकालाच दिसत असतील तर तो उरलेल्या सगळ्यांच्या खिशात हात घालतोय. मी त्याला मदत करत होतो. आणि जो माणूस मला विचारतोय तो आणखी कुणाला तरी विचारत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आता तो डाव सांगतो. रॅझची फेरी, पाच जण उरलेले. माझ्याकडे खाली झाकलेले एक्का-तिर्री, वर उघडी पंजी. याहून चांगली सुरुवात क्वचितच मिळते. सरांची अठ्ठी उघडी होती. तिसऱ्या एका खेळाडूची छक्की. हा कधीच चॅटवर बोलायचा नाही. त्याने बेट वाढवली, मी वाढवली, सरांनी वाढवली, त्याने पुन्हा वाढवली. लिमिटमध्ये, म्हणजे बेटची रक्कम ठरलेली असते त्या प्रकारात, एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ, म्हणजे तीनदा वाढवणं, एवढीच मुभा असते, ती तिथेच संपली. पुढचा पत्ता मला सत्ती, सरांना दुर्री, त्याला राणी. राणी आल्यावर रॅझमध्ये माणूस मागे सरतो. हा सरला नाही. पुन्हा चार बेट झाल्या. पाचव्या पत्त्यापासून बेट दुप्पट होते आणि मला आला राजा. सरांनी बेट केली, नव्वी आलेल्या त्या गप्प माणसाने वाढवली, मी कॉल केलं, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरल्या, सरांनी परत वाढवली, त्याने परत. दोन दगडांमध्ये सापडल्यासारखा मी प्रत्येक वेळी चिप्स पुढे सरकवत राहिलो. सहाव्या पत्त्याला मला तिर्रीची जोडी लागली. सरांनी पुन्हा बेट केली, त्याने उरलेल्या चिप्स टाकून ऑल-इन केलं आणि मी हात सोडला. त्याचे खालचे पत्ते उघडले. एक काळा राजा, एक लाल राजा.

राजांची जोडी घेऊन रॅझमध्ये कुणी पहिल्या वाटपापासून रेझ करत नाही. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं की माणूस भडकून खेळतोय. त्याच्या चिप्स सरांकडे गेल्या, तो बाहेर पडला, थोड्या वेळाने मीही गेलो. सर जिंकले. त्यांचा मेसेज आला, ‘बॅड लक मित्रा, छान खेळलास.’ मी आभार मानले.

माझ्या संगणकावर प्रत्येक डावाची हँड हिस्ट्री, म्हणजे डावाची पूर्ण नोंद, साठत होती. तीन आठवड्यांनी रॅझमधल्या स्वतःच्या चुका शोधायला मी ती उघडली, आणि ते दोन राजे पुन्हा दिसले. मग त्या गप्प खात्याचं नाव शोधलं. सरांबरोबरच्या माझ्या 14 टूर्नामेंटपैकी 11 मध्ये ते होतं. डावात हे दोघे आणि तिसरा कुणी असला की बेट वाढत वाढत मर्यादेला भिडायची. तिसरा गेला की लगेच शांतता, दोघेही चेक, म्हणजे बेट न करताच पुढे, किंवा एक जण पत्ते टाकून मोकळा. हे मी एक-दोनदा नाही, डावामागून डाव बघितलं. रात्रभर बसून मोजलं, हात थरथरत होते.

मिक्स्ड गेममध्ये असं दोघांनी मिळून तिसऱ्याला लुटणं सोपं जातं. खेळणारे थोडे, त्यामुळे जोडीदार एका टेबलावर यायला वेळ लागत नाही. आणि लिमिटमध्ये एका फटक्यात सगळं जात नाही, थोडं थोडं झिरपत जातं, म्हणून दोष आपण नशिबाला देतो.

2007 मध्ये अॅब्सोल्यूट पोकर या साइटवरचा घोटाळा उघड झाला तोही असाच, एका हरलेल्या खेळाडूने डावांची फाइल मागितली म्हणून. चुकून त्याला सगळ्यांचे झाकलेले पत्ते असलेली फाइल मिळाली, आणि कुणाला तरी समोरच्यांचे पत्ते दिसत होते हे उजेडात आलं. आपल्याला तसली फाइल मिळणार नाही, पण आपली स्वतःची तरी जपून ठेवा. साइटवर हँड हिस्ट्री साठवायची सोय बंद असेल तर आजच चालू करा. तक्रार करताना ‘मला संशय आहे’ एवढं लिहून भागत नाही. टूर्नामेंटचा क्रमांक, डावाचा क्रमांक, कुणी किती वेळा वाढवलं आणि शेवटी काय उघडलं, हे द्या. मी 23 डाव दिले.

सरांना आधी विचारावं असं फार वाटत होतं, पण विचारलं नाही. सावध झाले असते.

तक्रारीत मी माझंही लिहिलं. कुठल्या टूर्नामेंटमध्ये, कधी, मी माझे टाकलेले पत्ते त्यांना सांगितले ते सगळं, मेसेजच्या चित्रांसकट. ते लपवून बाकीचं पाठवणं मला जमेना.

उत्तराला पाच आठवडे लागले. चौकशी पूर्ण झाली आहे, इतर खात्यांवर काय कारवाई केली ते सांगता येणार नाही, असं त्यात होतं. माझ्या खात्यात दोन टूर्नामेंटची प्रवेश फी परत आली होती. आणि खाली माझ्यासाठी वेगळी ताकीद होती, की चालू डावात पत्ते सांगणं हे संगनमत आहे, पुन्हा झालं तर खातं बंद होईल. मी ‘मान्य आहे’ असं लिहून पाठवलं.