क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह : हृदय आणि फुप्फुसांच्या रुग्णांसाठी किती उपयोगी?

हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे किंवा फुप्फुसांतला फायब्रोसिस (फुप्फुसे जाड आणि कडक होणे) वाढत चालला आहे असे निदान झाले, की आज ना उद्या रुग्णाच्या घरात एक प्रश्न निघतोच : या आजारावरच्या नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, कुठे चालू आहे का, आणि असली तर तीत आपल्या माणसाला घेतील का? या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर देणारी जगातील सर्वांत मोठी सार्वजनिक नोंदवही म्हणजे क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह. घरातल्या फुप्फुसाच्या रुग्णासाठी मी ती बराच काळ वापरली आहे. माझे मत असे, की ट्रायल शोधण्यासाठी याहून चांगली मोफत सेवा नाही. मात्र सापडलेल्या ट्रायलमध्ये आपण बसतो का, आणि बसत असलो तरी तीत जाणे शहाणपणाचे आहे का, हे ती सांगत नाही. ते काम हातात रिपोर्ट घेऊन आणि आपल्या डॉक्टरांना सोबत घेऊनच करावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ही सेवा 2000 साली सर्वांसाठी खुली केली. आज तीत जगभरातील 5 लाखांहून अधिक अभ्यासांच्या नोंदी आहेत, त्यामुळे आपण कोणत्या देशात राहतो याची अडचण येत नाही. नाव नोंदवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत. प्रत्येक नोंदीला ‘एनसीटी’ या अक्षरांनी सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक टिपून ठेवावा, कारण शोधनिबंधात, संमतीपत्रात आणि रुग्णालयाशी बोलताना तोच ओळख म्हणून चालतो.

शोधण्याची सोय चांगली आहे. आजाराच्या चौकटीत ‘हार्ट अटॅक’ लिहिले तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ अशा नावाने नोंदलेले अभ्यास समोर येतात. ठिकाण आणि अंतर घालून यादी लहान करता येते, वय आणि ट्रायलचा टप्पा निवडता येतो. मात्र सर्वांत आधी, सहभागी घेणे चालू असलेल्या किंवा लवकरच सुरू होणाऱ्या अभ्यासांपुरतीच यादी मर्यादित करावी. नाहीतर संपलेल्या आणि बंद पडलेल्या ट्रायलच्या ढिगाऱ्यात माणूस हरवतो. आजाराचे नाव जितके नेमके, तितकी यादी कामाची. नुसते ‘फुप्फुसाचा आजार’ लिहून उपयोग नाही. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा दीर्घकालीन आजार), इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस (कारण न कळलेला फायब्रोसिस) आणि पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब) यांची औषधे वेगळी आणि ट्रायलही वेगळ्या. हृदयाचेही तसेच आहे, कारण पंपिंग घटलेले हार्ट फेल्युअर आणि पंपिंग टिकून असलेले हार्ट फेल्युअर यांच्या ट्रायल सहसा स्वतंत्र असतात.

या सेवेतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे पात्रतेच्या अटी. त्या कशा असतात हे कळण्यासाठी डापाग्लिफ्लोझिन या औषधाची 2019 साली निकाल लागलेली डापा-एचएफ ही ट्रायल पाहावी. तीत 4,744 रुग्ण होते. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा) 40 टक्के किंवा त्याहून कमी, चालताना किंवा कामात धाप लागण्यासारखी लक्षणे आणि रक्तातील एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा घटक) ठरावीक पातळीच्या वर, अशा तिच्या मुख्य अटी होत्या. ही पातळी सर्वांना सारखी नव्हती. साधारणपणे 600, वर्षभरात हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात राहावे लागले असल्यास 400, आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या ठोक्यांची एक अनियमितता) असल्यास 900. वरचा रक्तदाब 95 पेक्षा कमी असलेल्यांना, टाइप 1 मधुमेह असलेल्यांना आणि मूत्रपिंडाचे काम फार खालावलेल्यांना घेतले नव्हते. मधुमेहावरचे औषध म्हणून ओळखले जाणारे हे औषध मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी पडते हे याच ट्रायलने दाखवले. म्हणजे नुसत्या शीर्षकावरून आणि औषधाच्या नावावरून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून जो पुढे गेला असता, त्याने आपल्या कामाची नोंद चुकून वगळली असती.

फुप्फुसांच्या ट्रायलमध्ये हेच काम पीएफटीचे (फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या श्वासाच्या चाचणीचे) आकडे आणि सीटी स्कॅन करतात. फायब्रोसिसवरच्या निन्टेडानिब या औषधाच्या इनबिल्ड या ट्रायलमध्ये एचआरसीटीवर (बारकावे दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवर) फुप्फुसाच्या 10 टक्क्यांहून अधिक भागात फायब्रोसिस, एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडता येणारी हवा) अपेक्षित मूल्याच्या किमान 45 टक्के, डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता) 30 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान, आणि उपचार चालू असूनही मागील 24 महिन्यांत आजार वाढल्याचा पुरावा मागितला होता. यातून एक कटू गोष्ट लक्षात येते. आजार पुरेसा वाढलेला हवा, पण हाताबाहेर गेलेला नको, अशा मधल्या पट्ट्यातच बहुतेक ट्रायल रुग्ण घेतात, आणि जो रुग्ण सर्व उपाय थकल्यावर शोध सुरू करतो त्याच्यासाठी ती दारे बरेचदा आधीच बंद झालेली असतात. म्हणून शोध निदानानंतर लवकर सुरू करावा. हृदय आणि फुप्फुस दोन्ही बिघडलेल्यांची स्थिती आणखी अवघड असते, कारण धाप नेमकी कशामुळे कमी झाली हे कळावे म्हणून एका आजाराची ट्रायल दुसऱ्याच्या गंभीर रुग्णांना अनेकदा वगळते.

आता उणिवा. भाषा इंग्रजी आणि तीही डॉक्टरांची. अटींचा भाग सामान्य माणसाला मदतीशिवाय कळणे कठीण. सहभागींच्या भरतीची स्थिती बदलल्यावर ती 30 दिवसांत सुधारणे अमेरिकी नियमांखाली येणाऱ्या ट्रायलना बंधनकारक आहे, पण प्रत्येक नोंद त्या नियमांखाली येत नाही. म्हणून नोंद शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीख पाहावी. ती दीड-दोन वर्षे जुनी असेल तर ‘रिक्रूटिंग’ (भरती चालू) या शब्दावर विसंबू नये. पूर्ण होण्याची तारीख उलटली आणि दोन वर्षांहून अधिक काळ स्थितीची खातरजमा झाली नाही, तर नोंदीवर ‘अननोन’ असा शेरा येतो.

याहून गंभीर बाब अशी, की इथे नाव असणे म्हणजे सरकारी मान्यता नव्हे. संकेतस्थळ स्वतःच तसे स्पष्ट सांगते, तरी घाबरलेल्या घरातले लोक ती ओळ वाचत नाहीत. सहभागींकडून मोठ्या रकमा घेणाऱ्या, सिद्ध न झालेल्या स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांचे ‘अभ्यास’ही या यादीत नोंदवले गेले आहेत, आणि सीओपीडीच्या रुग्णांना अशा उपचारांचे आमिष विशेष दाखवले जाते. ज्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडूनच पैसे मागितले जातात, तिथे तत्काळ थांबावे आणि आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारावे.

प्रवेश घेण्याची प्रक्रिया संकेतस्थळावर होत नाही. तिथे फक्त केंद्रांची नावे आणि संपर्क मिळतो. एका केंद्राने माझ्या पत्राला उत्तरच दिले नाही, दुसऱ्याने त्याच दिवशी फोन करून सविस्तर चौकशी केली. फरक पडला तो पत्राच्या मजकुराने, असे मला वाटते. पहिल्या पत्रात नुसती विनवणी होती. दुसऱ्यात एनसीटी क्रमांक, वय, निदानाचे वर्ष, शेवटच्या पीएफटीचे आकडे, चालू औषधे आणि सहव्याधी (सोबतचे इतर आजार) एवढेच मोजके लिहिले होते. होकार आला तरी आधी संमतीपत्र, मग स्क्रीनिंगच्या तपासण्या, आणि त्यांत अनेक जण बाद होतात. संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचण्याचा आणि सही केल्यावरही कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो, आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. किती वेळा केंद्रात यावे लागेल, सहा मिनिटे चालण्याची चाचणी, सीटी किंवा कॅथेटरची तपासणी किती वेळा होईल, इजा झाल्यास खर्च कोण करील आणि ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का, हे प्रश्न धाप लागणाऱ्या माणसाच्या बाबतीत दुय्यम नाहीत.

प्लासिबोची, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी वाट्याला येण्याची, भीती मात्र मला अतिशयोक्त वाटते. गंभीर आजारांच्या ट्रायलमध्ये सहसा नेहमीचे उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला नवे औषध किंवा प्लासिबो दिले जाते, आणि नवे म्हणजे चांगलेच असे कोणी गृहीत धरू नये. हार्ट अटॅकनंतर अनियमित ठोके दाबणाऱ्या औषधांची कास्ट ही ट्रायल घ्या : 1989 साली असे दिसले, की ठोके आवरले गेले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसमध्ये प्रेडनिसोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे त्रिकूट वर्षानुवर्षे दिले जात होते. पॅन्थर ट्रायलच्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण प्लासिबोपेक्षा जास्त निघाले.

अशी माहिती काढण्यासाठीही हीच नोंदवही कामी येते, आणि माझ्या दृष्टीने तिचा हा उपयोग ट्रायल शोधण्याइतकाच मोठा आहे. 2008 पासून निकालही तिथे नोंदवले जातात, आणि नोंदीच्या इतिहासात अटी किंवा उद्दिष्टे मध्येच बदलली का हे तारखेनिशी दिसते. सही करण्यापूर्वी त्या औषधाचे नाव घालून त्याच्या आधीच्या सर्व ट्रायल काढाव्यात. ज्यांवर ‘टर्मिनेटेड’ असा शेरा आहे त्यांच्यात थांबवण्याचे कारण एका ओळीत दिलेले असते. रुग्ण मिळाले नाहीत म्हणून थांबली, निधी संपला म्हणून थांबली की औषधाच्या सुरक्षिततेविषयी शंका आली म्हणून थांबली, हे पाहावे, आणि कारण सुरक्षिततेचे असेल तर ती नोंद छापून केंद्रातील प्रमुख संशोधकांसमोर ठेवून खुलासा मागावा.