पानावर खूण की वेगळी वही?

भाचीला दृढीकरणाच्या (चर्चमध्ये आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वेळी नवं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मिळालं. "मावशी, टिपणं यातच लिहू की वेगळी वही करू?" या प्रश्नावर ती आठवडाभर अडली आहे. मी दोन्ही केलंय.

खर्च दोन्हीकडे किरकोळच. टिकण्याचं मात्र बघावं लागतं. बायबलचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. मी स्तोत्र 23 जेलपेनने अधोरेखित केलं आणि शाई थेट मागच्या पानावर उतरली. ती निळी रेघ आजही वाचताना आडवी येते. म्हणून पानावर फक्त पेन्सिल, तीही बोथट टोकाची, हलक्या हाताने. वहीत कुठलंही पेन चालतं, पण वही भरते, बदलते, घर बदलताना हरवते. माझ्या दोन हरवल्या, त्याची हळहळ अजून आहे.

खरा फरक नंतर शोधताना कळतो. पौलाच्या रोमकरांस पत्रात 4:3 (अध्याय 4, वचन 3) शेजारी समासात 'उत्प. 15:6' (उत्पत्तीचं पुस्तक) एवढंच लिहिलं, तरी अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि म्हणून तो नीतिमान गणला गेला, हा धागा लगेच हाती येतो. पण तेच वचन याकोब आपल्या पत्रात (2:23) कर्मांविषयी बोलताना घेतो. विश्वासावर भर देणारा पौल आणि कर्मांवर भर देणारा याकोब यांचं म्हणणं जुळतं कसं, हे समासाच्या बोटभर जागेत मावत नाही. मला त्याला वहीची चार पानं लागली.

रोज वाचन करून उपासनेला तेच पुस्तक नेणाऱ्याने पानावर खुणा कराव्यात. एकेक पत्र घेऊन सखोल अभ्यास करणाऱ्याने किंवा संडे स्कूलला शिकवणाऱ्याने वहीच धरावी. भाची आत्ताशी पहिल्यांदा सलग वाचतेय. तिने पेन्सिल घ्यावी.