फोर्ट, गिरगाव, मरीन ड्राइव्ह सायकलवरून: बाबांना घेऊन केलेली गाईडेड टूर

२२ वर्षं डोंबिवली-सीएसएमटी करतेय पण फोर्ट म्हणजे माझ्यासाठी स्टेशन ते ऑफिस एवढंच, म्हणून गेल्या रविवारी ही सायकल टूर बुक केली आणि बाबांनाही घेतलं. बाबा ६७ वर्षांचे, लहानपण सगळं गिरगावच्या चाळीत. सहाला कुलाब्यात पोचायचं म्हणजे पहाटेची लोकल, पण मेगाब्लॉकच्या आधी निघालो ते बरंच झालं.

पहिला स्टॉप ससून डॉक, १८७५ चा. सायकली बाहेर लावून आत चालत जायचं. बर्फाचं पाणी पायाखालून वाहतंय, ओळीने बसलेल्या बायका कोळंबी सोलतायत, हात इतका भरभर की डोकं कधी मोडलं आणि साल कधी निघालं कळतच नाही, तेवढ्यात मागून डोक्यावर पाटी घेतलेली मावशी ओरडली, "ए, बाजू हो गं!" गाईडने आधीच बजावलेलं की फोटोसाठी मध्ये उभं राहू नका, लोक कामावर आहेत. हे मला फार आवडलं. बुटाला चिकटलेला माशाचा खवला संध्याकाळी घरी सापडला.

तिथून गेटवे, हॉर्निमन सर्कल, मग हुतात्मा चौक. इथे गाईडने सांगितलं की फोर्टच्या तटबंदीचं चर्च गेट ह्याच जागी होतं, तट १८६० च्या दशकात पाडला आणि १८६४ ला फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. म्हणजे चर्चगेट स्टेशनच्या नावातलं चर्च ते हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस! बाबा सायकल स्टँडला लावून हुतात्मा स्मारकासमोर हात जोडून उभे राहिले, ग्रुपमधल्या दोघांनी विचारलं हे कोणाचं, मग संयुक्त महाराष्ट्राचं सगळं बाबांनीच सांगितलं, गाईड मध्ये एक शब्द बोलला नाही.

तक्रार एकच पण मोठी आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळ बाबांचा मागचा ब्रेक लागेचना आणि समोरून हातगाडी. मी जीव खाऊन ओरडले, ते पाय टेकवून थांबले म्हणून निभावलं. गाईडकडे पाना होता, पाच मिनिटांत दुरुस्त केलं, सॉरीही म्हणाला, पण वयस्कर माणसाला सायकल देताना ब्रेक आधी बघायलाच हवा होता. तुम्ही गेलात तर निघण्याआधी दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा.

गिरगावात खोताची वाडी. सायकली हातात धरून चालायचं, कारण गल्ली अरुंद आणि लोकांची घरं आहेत ती. लाकडी जिने बाहेरून वर गेलेले, व्हरांड्यात आरामखुर्ची, दारात तुळस नाहीतर क्रॉस. गाईड माहिती सांगत होता आणि बाबा एका घरापाशी थांबून म्हणाले, "ह्या पायरीवर आम्ही कॅरमची पावडर सांडायचो, आजी ओरडायची." गाईड म्हणाला, "काका, मग आता तुम्हीच सांगा," आणि खरंच गप्प बसला. पण मिळाली किती, जेमतेम दहा-पंधरा मिनिटं! जिथे थांबायला हवं तिथे घाई. साबुदाणा वडा आणि पियूष मात्र मस्त होतं.

मग चौपाटीवरून मरीन ड्राइव्ह. रस्ता सपाट, वारा तोंडावर, बाबा माझ्या पुढे. ही सगळी जमीन समुद्रात भराव घालून काढलेली, आणि शेवटी ओव्हल मैदानात उभं राहिलं की एका बाजूला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. मैदानात पोरांची क्रिकेट मॅच चालू होती. नवीन कोस्टल रोडवर सायकल नेता येत नाही, तो लांबूनच बघितला.

साधारण १५ किलोमीटर, साडेतीन तास, चढ नाहीच म्हणा. गाईड हिंदी-इंग्लिश बोलतो, मराठी हवं तर आधी सांगा. बाबांनी परत जायचं ठरवलंय, ह्या वेळी आत्यालाही घेऊन, आणि मी फोन करून आधीच सांगितलंय की गिरगावला निदान पाऊण तास हवा.