चक्का जाम की भराई बंद? चालकांचं आंदोलन ठरवण्याआधी

ट्रकचालकांना एकत्र करून आंदोलन करायचं ठरलं की महाराष्ट्रात मुख्यतः दोन मार्ग पुढे येतात. एक चक्का जाम, म्हणजे महामार्गावर गाड्या आडव्या लावून वाहतूक रोखायची. दुसरा भराई बंद, म्हणजे कारखाना, गोदाम, इंधन डेपो किंवा बंदराच्या बाहेर रिकाम्या गाड्या उभ्या ठेवायच्या आणि माल उचलायचाच नाही. दोन्ही मार्गांनी याआधी पदरात काही ना काही पडलं आहे, त्यामुळे एकाला सरसकट बाद ठरवणं बरोबर नाही. पण निवड करताना ज्या गोष्टी बैठकीत बोलल्या जात नाहीत आणि तिसऱ्या दिवशी अंगावर येतात, त्या आधी पाहिलेल्या बऱ्या.

पहिला प्रश्न हा की मागणी कोणाच्या हातात आहे. टोल, ई-चलन, कायद्यातलं कलम, महामार्गावर विश्रांतीची जागा या गोष्टी सरकार देणार. गेटवर अठरा तास थांबवून ठेवल्याचं हाल्टिंग (थांबल्याचे पैसे), वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) कोणी द्यायची, यार्डात संडास आणि पिण्याचं पाणी, भरताना ओव्हरलोड करायचं नाही, या गोष्टी माल देणारा आणि ट्रान्सपोर्टर देणार. सरकारकडची मागणी घेऊन एका कारखान्याचं गेट धरून बसलात तर तो व्यवस्थापक हात वर करतो, आणि त्याचं चूक नसतं. उलट हाल्टिंगसाठी महामार्ग अडवला तर ज्याने पैसे द्यायचे तो आपल्या केबिनमध्ये निवांत बसलेला असतो आणि अडकते ती एसटीतली बाई. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मागणी वर्षानुवर्षं रस्त्यावर ऐकू येते, पण तिचा निकाल शेवटी गेटवरच लागतो.

वेगाच्या बाबतीत चक्का जाम सरस वाटतो, आणि उदाहरण म्हणून सगळे जानेवारी २०२४ कडे बोट दाखवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात मृत्यू झाल्यावर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ती २ वर्षांपर्यंत होती. १ जानेवारीला चालक थांबले, २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस या वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करून सल्लामसलतीनंतरच निर्णय घेण्याचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. दोन दिवसांत एवढं हाती येणं मोठं आहे.

पण त्या दोन दिवसांत नेमकं काय चावलं, ते बारकाईने पाहायला हवं. नवी मुंबईत रस्त्यावर पोलिसांवर हात उचलला गेला आणि चालकांवर गुन्हे दाखल झाले. तिकडे मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर डेपोतून भरून निघालेच नाहीत. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला घाम फुटला, त्यात न भरलेल्या टँकरचा वाटा मोठा होता. ज्याला लोक चक्का जामचं यश म्हणतात, त्यात भराई बंदीचा एवढा अंश आहे. शिवाय त्या वेळी '७ लाख दंड' हा आकडा सगळीकडे फिरत होता. कलमात दंडाची रक्कमच दिलेली नाही. मागणीपत्रात असा ऐकीव आकडा गेला की समोरचा अधिकारी तेवढंच धरून बसतो. कलम उघडून, शब्द वाचून मग लिहावं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझा कल ठरला: भरलेली गाडी.

चक्का जाममध्ये थांबतात त्या गाड्या बहुतेक मालासकट थांबतात. गाडी भरली आणि बिल्टी (मालाची वाहतूक पावती) हातात आली की माल पोचेपर्यंत जबाबदारी चालकाच्या डोक्यावर. आंदोलन करणारा माणूस आंदोलनाच्या जागी आपल्या मागणीसाठी बसलेला नसतो, तो दुसऱ्याच्या मालाची राखण करत असतो. ताडपत्री कापली गेली, पोती कमी भरली, टोमॅटो सडला, तर पोच देताना कपात त्याच्याच हिशेबातून होते. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारी गाडी असेल तर तिचा जनसेट (जनरेटर) बंद ठेवता येत नाही, डिझेल जळत राहतं.

यात सगळ्यात त्रासदायक ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. ९०० किलोमीटरच्या खेपेला ५ दिवस, म्हणजे थोडी सवड असते. पण चाकणहून भिवंडीला जाणाऱ्या मालाचं बिल एकाच दिवसाचं. ते बनवल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतं. मुदत वाढवायची तर संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच, म्हणजे दुपारी ४ ते सकाळी ८. ते काम पोर्टलवर ट्रान्सपोर्टरने करायचं असतं. चालकाच्या हातात काही नाही, आणि रात्री ऑफिसात फोन उचलणारा कोणी नसतो. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली गेली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या २०० टक्के दंड. १८ टक्के कराचा १० लाखांचा माल असेल तर ३ लाख ६० हजार. पोर्टलवर मुदतवाढीच्या कारणांत कायदा-सुव्यवस्थेचं कारण आहे, काही अधिकारी परिस्थिती समजूनही घेतात. तरी निकाल लागेपर्यंत गाडी उभी, आणि तोवर चालकाची खुराकी (जेवणखर्च) कोणी द्यायची हे कुठेच लिहिलेलं नसतं. आंदोलन संपून दोन दिवस झाल्यावर हे भोग सुरू होतात. आणि पुढच्या हाकेला तोच चालक येत नाही. त्याला भित्रा म्हणणं अन्याय आहे.

रिकाम्या गाडीला यातलं काहीच नाही. बिल्टी नाही, ई-वे बिल नाही, राखण नाही. नुकसान त्याचं होतं ज्याचा माल गोदामात पडून राहतो.

कायद्याचा भागही याला जोडूनच येतो. रस्ता अडवला की बेकायदा जमाव, अटकाव, सार्वजनिक रस्त्यात अडथळा ही कलमं लागतातच. बहुतेक जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) चा मनाई आदेश चालू असतो, त्यामुळे तो मोडल्याचं कलम १३५ सुद्धा जोडलं जातं. पायी मोर्चातला माणूस गर्दीत मिसळून जातो. ट्रकचा नंबर मात्र समोर आणि मागे ठळक लिहिलेला असतो, व्हिडिओत तो स्पष्ट येतो. गुन्हा चालकावर, गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात, आणि मालक आधी चालकाला कामावरून काढतो. पुढे बंदराच्या प्रवेश पाससाठी, घातक मालाच्या कामासाठी किंवा आखातात जायला पोलीस पडताळणी लागली की हाच गुन्हा आडवा येतो. आंदोलनाआधी पोलिसांची नोटीस येते, पूर्वी तिला '१४९ ची नोटीस' म्हणत, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. ती नाकारू नका. घ्या, आणि लेखी उत्तर द्या.

भराई बंदीला कायद्याची बाजू नाही असं समजू नये. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. पगारी चालकांनी संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि अर्ध्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकदम रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. समेटाची कार्यवाही सुरू झाली की ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी ७ दिवस संप करता येत नाही. म्हणून तारीख ठरवताना हे दिवस मोजूनच ठरवा. नोटीस कंपनी, ट्रान्सपोर्टर, सहायक कामगार आयुक्त आणि पोलीस ठाणे या चौघांना द्या, आणि प्रत्येक प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मालक-चालक, म्हणजे स्वतःचीच गाडी चालवणारे, कोणाचे नोकर नसतात, त्यामुळे त्यांना ही नोटीस तशी लागू होत नाही. तरी त्यांनीही पत्र द्यावं, नंतर बोलायला आधार राहतो.

आता भराई बंदीच्या खोडी, कारण त्या कमी नाहीत. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे बाहेरची गाडी. तुमच्या २०० गाड्या थांबतात आणि दलाल परराज्यातून आलेल्या, परतीचं भाडं शोधणाऱ्या ४० गाड्या आत घालतो. त्या चालकाला परतीचं भाडं मिळालं नाही तर तो घरी रिकामा जातो, तेव्हा त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. नोटिशीच्या १४ दिवसांतच ढाब्यांवर, वजनकाट्यावर आणि दलालांच्या अड्ड्यावर हिंदीत छापलेली पत्रकं पोचली पाहिजेत, तारखेसकट. म्हणजे तो त्या आठवड्यात इकडचा माल घेऊनच येत नाही. तरीही जे येतील त्यांच्याशी गेटपासून लांब, रस्त्याच्या कडेला चार जणांनी शांतपणे बोलावं. गेटसमोर घोळका झाला की पोलिसांना कारण मिळतं. हवा सोडणं आणि काचा फोडणं यांना पहिल्या क्षणापासून बंदी हवी. तसल्या एका व्हिडिओने सगळी मागणी झाकली जाते.

दुसरी खोड नंबरची. चालक भराईला तयार होतो, त्यामागे बऱ्याचदा एकच भीती असते: दोन दिवस रांगेत काढून मिळालेला नंबर जाईल. यावर उपाय सोपा आहे आणि तो विसरला जातो. बंद सुरू होण्याच्या तासाला रांग जशी आहे तशी वहीत उतरवा, गाडी नंबर आणि क्रमांकासह. पानाचा फोटो सगळ्या गटप्रमुखांकडे पाठवा. गेटच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडेही एक प्रत द्या. भराई सुरू होईल ती याच क्रमाने, ही अट मागणीपत्रात पहिली लिहा. एवढं केलं की फुटणारे निम्मे चालक फुटत नाहीत, निदान आमचा अनुभव तरी असा आहे.

तिसरी खोड वेळेची. चक्का जामचा दाब तासाभरात जाणवतो. भराई बंदीचा दाब कारखान्याचं तयार मालाचं गोदाम भरायला लागतं तेव्हा जाणवतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बंदरात तो आधी येतो, कारण जहाजाची गेट बंद होण्याची वेळ ठरलेली असते आणि कंटेनर चुकला की पुढच्या जहाजापर्यंत थांबतो. त्यामुळे न्हावा शेवासारख्या बंदरात जिथे २ दिवस पुरतील, तिथे कळंबोलीच्या लोखंड बाजारात ५ दिवसांची तयारी ठेवावी लागेल. खेपेवर काम करणाऱ्या चालकाला या दिवसांचा छदामही मिळत नाही, मालक-चालकाचा हप्ता थांबत नाही. किती दिवस तग धरता येईल, हे हात वर करून विचारू नका, प्रत्येकाशी एकट्याने बोलून वहीत लिहा. सर्वांत कमी दिवस सांगणाऱ्या पाव भाग चालकांचा जो आकडा येतो, तोच आंदोलनाचा खरा आकडा.

सोयीसाठी: २५ गाड्यांमागे एक गटप्रमुख, त्याच्याकडे नावं, गावं, घरचा एक फोन नंबर. २०० माणसांना उन्हाळ्यात पिण्यासाठी दिवसाला ८०० लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचे ४० जार. एका वेळच्या खिचडीला २४ किलो तांदूळ, ८ किलो डाळ. फिरता संडास आधी ठरवावा, नाहीतर आसपासच्या गावाशी दुसऱ्याच दिवशी वाद होतो. दूध, औषधं, ऑक्सिजन, स्वयंपाकाचा गॅस आणि शेतकऱ्याचा नाशवंत माल यांना सूट, आणि ती पत्रकावर छापलेली. इंधन टँकरवाल्यांनी जरा जास्तच विचार करावा, सरकार अत्यावश्यक सेवेचा कायदा तिथे लवकर लावतं.

आणखी एक तयारी चक्का जामला लागत नाही, पण भराई बंदीचा कणा तीच. किमान दोन आठवड्यांची गेटवही. गाडी नंबर, गेटवर पोचल्याची वेळ, आत घेतल्याची वेळ, भराई सुरू, भराई संपली, बाहेर पडली. प्रत्येक नोंदीला वेळ दिसणारा फोटो. 'खूप थांबवतात' म्हटलं की व्यवस्थापक मान डोलावतो. ३०० गाड्यांची वही टेबलावर ठेवली की त्याला स्वतःचं रजिस्टर काढावं लागतं, आणि बहुतेक वेळा दोन्ही जुळतात.

मालकांच्या संघटनांनी पुकारलेल्या बंदबद्दल थोडक्यात. २० ते २७ जुलै २०१८ च्या देशव्यापी बंदमध्ये डिझेलचे दर, टोल, विम्याचा हप्ता हे मुद्दे होते. चालकाचे कामाचे तास आणि खुराकी त्यात मुख्य नव्हती. अशा बंदमध्ये सामील व्हायला हरकत नाही, फक्त त्याआधी आपल्या दोन मागण्या त्यांच्या पत्रात लेखी घालून घ्या.

कलम बदलायचं असेल, मागणी दिल्लीच्या हातात असेल आणि देशभर एकाच दिवशी गाड्या थांबणार असतील, तर रस्त्यावर उतरण्याला पर्याय कमी, हे मान्य. तेव्हाही गाड्या आडव्या लावण्याऐवजी आदल्या रात्रीपासून भराई न घेता ट्रान्सपोर्ट नगरात आणि पार्किंगमध्ये उभ्या कराव्यात. जी गाडी आधीच भरून वाटेत आहे तिला खाली करायला जाऊ द्यावं.

मागे घेण्याची घाईही महागात पडते. 'साहेबांनी शब्द दिला' यावर गाड्या हलवू नयेत. बैठकीचं इतिवृत्त त्याच टेबलावर लिहून घ्यावं. त्यात किती तासांनंतर किती हाल्टिंग, ते कोण देणार, बिल्टीवर गेटच्या वेळेचा शिक्का कधीपासून, वाराई कोणाकडे आणि आंदोलनात आलेल्या एकाही गाडीला काळ्या यादीत टाकणार नाही, एवढं हवं. खाली कंपनी, ट्रान्सपोर्टर आणि कामगार खात्याचा अधिकारी या तिघांच्या सह्या. प्रत गटप्रमुखांच्या हातात पडली की वहीतला पहिला नंबर आत सोडायचा.