जुन्या जपानी इमारी वाट्यांच्या नावाखाली ६०,५८० येन लुबाडले

वाट्यांचे ४६,८०० येन, लाकडी पेटीचे वेगळे १२,०००, पार्सलचे १,४५० आणि बँकेचे ३३०. एकूण ६०,५८० येन, म्हणजे आपले जवळपास ३५ हजार रुपये. त्यात मिळालं काय, तर कारखान्यात छापलेल्या पाच वाट्या. हे लिहायची लाज वाटत होती. पण वाट्या विकणारा तो माणूस अजूनही तेच फोटो लावून विकतोय, म्हणून लिहिते आहे.

मी जपानात कोबेला राहते. जपानी जेवणात थोडंसं काही वाढायला जी खोलगट वाटी घेतात ती कोबाची. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूचं सगळं त्यात छान दिसतं. मला एदो काळाच्या (१८६८ आधीच्या) शेवटाकडची, निळ्या नक्षीची इमारी, म्हणजे आरिता गावची चिनीमातीची भांडी, हवी होती. इथे संच पाचाचा असतो, तसाच पूर्ण संच. जाहिरात नेहमीच्याच साच्यातली: आजीचं घर पाडायचंय, कोठारातलं सामान काढतोय. ही आजी का लागते ते आता कळलं. इथे जुन्या वस्तूंचा धंदा करायचा तर पोलीस ठाण्यातून अर्ज करून परवाना घ्यावा लागतो, त्याचा बारा आकडी नंबर असतो. स्वतःच्या घरातलं सामान विकणाऱ्याला तो लागत नाही. आजी पुढे केली की परवान्याचं कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. आणि त्याच माणसाने आधी काय काय विकलंय ते बघा. एका आजीच्या कोठारातून सारखे संच निघत असतील तर तो धंदाच आहे.

स्वस्ताच्या मोहाला बळी पडले असं कृपा करून कोणी म्हणू नका. बाजारात असे संच मी पाहिले होते, भाव विचारले होते, ही किंमत त्यातच बसत होती. हे लोक एवढे कच्चे नाहीत की सोनं पितळेच्या भावात देतील.

जीव जळतो तो एका फोटोपायी. नक्षी ताकोकाराकुसाची होती, म्हणजे ऑक्टोपसच्या हातांसारखी वळत जाणारी वेल. पहिल्या वाटीच्या काठाजवळ एका वळणाला निळा रंग जरा जास्त झालेला, थेंबभर बाहेर आलेला. दुसऱ्या वाटीला त्याच वळणावर तोच थेंब. तिसरीला, चौथीला, पाचवीलाही तोच. हाताने रंगवणाऱ्याचा कुंचला पाचही वेळा नेमका तिथेच आणि तेवढाच सुटेल का? मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. थेंब दिसला होता. आणि मला वाटलं, वाट्या एकमेकींशी किती जुळतात! मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, साचे आणि ठसे वापरून नक्षी छापायचे हे वाचलेलं होतं, त्यामुळे सारखेपणा खटकला नाही. पण त्या जुन्या छपाईत सांधे जुळत नाहीत, रेघा तुटतात. इथे एक रेघ तुटलेली नव्हती. शिवाय तो माल एदोचा म्हणून विकत होता! हातकामाचा संच म्हणून जे विकतात त्याचे पाचही नग शेजारी शेजारी ठेवून फोटो मागा आणि चुका जुळतात का बघा.

पैसे भरायचं खातं तिसऱ्याच नावाचं होतं. विचारलं तर म्हणाला, हिशोब बघणाऱ्याचं आहे. खात्याचं नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा, पुढचं उत्तर ऐकूच नका.

पेटीवर शाईने बुन्सेई काळातलं साल लिहिलेलं होतं, म्हणजे १८१८ ते १८३० मधलं. पेटी खरोखर जुनी निघाली. पण वाट्या तिच्यात इकडून तिकडे घरंगळत होत्या, कारण पेटी दुसऱ्याच मोठ्या भांड्यांची होती. एका वाटीला सोन्याने सांधल्याची रेघ होती, किंत्सुगी म्हणून तिचं केवढं कौतुक जाहिरातीत! क्योतोला तोजी देवळात दर २१ तारखेला बाजार भरतो, तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याने ती वाटी नखाने टिचकावली. खणखणीत वाजली. तडा गेलेलं भांडं असं वाजत नाही. रेघ वरून रंगवलेली होती, खाली वाटी अखंड. भिंगातून निळ्या वेलीत छपाईचे बारीक ठिपके दिसले. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. पण हेच कागदावर लिहून द्या म्हटल्यावर त्याने हात जोडले.

आणि कागदावाचून इथे कोणी हलत नाही. ठाण्यात पहिला प्रश्न, "माल मिळाला ना?" मिळाला. मग हा दिवाणी मामला, आम्ही पडत नाही. मेख इथेच आहे! काहीच पाठवलं नसतं तर सरळ फसवणूक ठरली असती. काहीतरी पाठवलं की तो दोघांमधला वाद होतो. म्हणून हे लोक पार्सल पाठवतात, तेही नीट गुंडाळून. बनावट असल्याचा पुरावा आणा म्हणाले. संग्रहालयात विचारलं, तर आम्ही खासगी वस्तूंची पारख करत नाही. फसवणुकीत वापरलेली खाती गोठवून पैसे परत देण्याचा कायदा २००८ पासून आहे, तो घेऊन बँकेत गेले. बँक म्हणते पोलिसांनी कळवायला हवं. पोलीस म्हणतात बँकेशी बोला. १८८ वर ग्राहकांसाठी मदत मिळते, तिथल्या बाई फार अदबीने बोलल्या, पण घरबसल्या मागवलेल्या मालाला ठरावीक दिवसांत करार मोडायची सवलत लागू नाही एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांनी विक्रेत्याच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. पत्ता खोटा, खातं दुसऱ्याचं, माल बनावट, आणि तरी दिवाणी मामला! खूप भांडल्यावर ठाण्यात नोंद झाली, तीही तक्रार म्हणून नाही, 'सल्ला विचारला' अशी.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. पेटीसाठी वेगळे पैसे कधीच देऊ नका.

याच आठवड्यात तो माणूस तसाच संच नव्या नावाने पुन्हा विकायला लागलाय, ४९,८०० येनला, आणि पैसे त्याच खात्यात मागतोय. त्या खात्यात ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी गप्प बसू नका. आपापल्या ठाण्यात खाते क्रमांकासकट नोंद करा आणि लेखी पोच घ्या. एकाच खात्यावर चार जणांच्या नोंदी झाल्या तर दिवाणी मामला म्हणून हात झटकणं पोलिसांना जड जाईल.