परदेशी शिक्षणाचा ‘मोफत’ सल्लागार: वर्षभर वापरल्यानंतर

लेक मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मास्टर्स बाहेर करायचं असं तिने तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत जाहीर केलं आणि आमच्या घरात भाजीच्या आधी युरोचा भाव विचारला जायला लागला. मी टिळक रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणून हिशेब माझ्याकडे आणि चौकशा नवऱ्याकडे अशी वाटणी झाली. पुण्यात चौकशीला तोटा नाही. एफसी रोड, जेएम रोड, औंध, कोथरूड, कुठेही मान वर केली तर ‘स्टडी अ‍ॅब्रॉड’चा बोर्ड दिसतो. त्यातल्या एका सल्लागाराकडे आम्ही वर्षभर होतो. नाव लिहीत नाही, कारण ओळखीच्या चार-पाच घरांशी ताडून पाहिलं तर जागा वेगळ्या, गोष्ट तीच.

पहिल्या भेटीत कॉफी मिळाली, नकाशा मिळाला आणि सांगितलं गेलं की इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियासाठी आमची सेवा पूर्ण मोफत, जर्मनीसाठी मात्र पॅकेज घ्यावं लागेल. नवऱ्याने लगेच विचारलं, असं का? समोरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, “सर, जर्मनीची प्रोसेस खूप लेंग्दी असते.”

प्रोसेस लांबलचक असते हे खरं, पण पैसे लागण्याचं कारण वेगळं आहे. मोफत देशांमधली बरीच विद्यापीठं प्रवेश झाल्यावर एजंटला कमिशन देतात, तुमच्या पाल्याच्या पहिल्या वर्षाच्या फीमधला ठरावीक हिस्सा. नवीन बांधकामातल्या फ्लॅटचा एजंट आपल्याकडून काही घेत नाही, बिल्डर देतो, तसंच. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांना फीच जवळपास नाही, मग कमिशन कशातून देणार? म्हणून तिथे पैसे आपण द्यायचे. यात लबाडी काही नाही. पण समोर येणारी प्रत्येक यादी या एका गोष्टीच्या उजेडात वाचायची, एवढं मी पहिल्याच आठवड्यात मनाशी बांधलं.

आम्ही जर्मनीचं पॅकेज घेतलं. आठ विद्यापीठांची यादी आली. त्यातली निम्मी खासगी होती, बर्लिन आणि आसपासची, वर्षाची फी दहा हजार युरोंच्या वर. पॅकेजचे पैसे आमच्याकडून आणि वर यादीत कमिशनवाली विद्यापीठं! मी विचारलं तर उत्तर आलं, “मॅम, सेफ ऑप्शन्स आहेत.” खासगी म्हणजे वाईट असं नाही, पण तपासून घ्यायचं. जर्मनीचा ‘अनाबिन’ नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात संस्थेपुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असं आहे का ते बघता येतं. आणि अभ्यासक्रम शोधायला ‘डाड’ (डीएएडी) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावरचा इंटरनॅशनल प्रोग्रॅम्सचा शोध फुकट आहे. लेकीने दोन रविवार बसून स्वतःची यादी केली. ती सल्लागाराच्या यादीपेक्षा सरस निघाली, कारण तिने विषय वाचले होते. यादी करणाऱ्या बाईंनी ‘मेकॅनिकल’ एवढाच शब्द वाचला होता.

यादी करताना एक आकडेमोड घरीच करा. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए त्यात बदलायला ‘मॉडिफाइड बव्हेरियन’ सूत्र वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. लेकीसारखे दहापैकी ८.२ असतील आणि ४ ला पास असेल तर उत्तर १.९ येतं. पुष्कळ अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते. म्हणजे ही मुलगी सुस्थितीत होती. तिला ‘सेफ’ म्हणून दहा हजार युरो भरायला लावायचं काही कारण नव्हतं. हे गणित एकाही भेटीत कुणी मांडलं नाही. कॅल्क्युलेटर घेऊन मीच मांडलं.

आता एसओपीबद्दल, म्हणजे मला का शिकायचंय हे सांगणारं पत्र. सल्लागाराच्या ‘रायटिंग टीम’कडून जो मसुदा आला त्याचं पहिलं वाक्य होतं: लहानपणापासून मला यंत्रांची अनिवार ओढ होती. आमच्या सासूबाईंना ते मराठीत वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “हिला? मिक्सरचं झाकण लावता येत नव्हतं.” मसुदा बाजूला ठेवला. लेकीने चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये इंटर्नशिप केली होती. पत्र्याचे सुटे भाग डायमधून कापले की कडेला बारीक धार उरते, तिला तिथे ‘बर’ म्हणतात. डाय झिजत जाते तशी ही बर वाढते. लेक रोज ठरावीक नगांनंतर एक भाग उचलून बर मोजायची आणि वहीत उतरवायची, डाय धार लावायला कधी काढावी याचा अंदाज यावा म्हणून. सुपरवायझरला ते आधी फालतू वाटलं, मग त्यांनीच वही मागून घेतली. पत्र तिथून सुरू झालं. तीन पानांचं दीड पान झालं. ज्या दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, तिथे हेच पत्र गेलं होतं. पत्रामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, गुणही होते. पण सल्लागाराच्या त्या पहिल्या वाक्याने सुरू होणारी किती पत्रं पुण्यातून दरवर्षी जात असतील, याचा विचार मनात येतोच.

सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो पासवर्डचा. अर्जाचे पोर्टल सल्लागाराने स्वतः उघडले, स्वतः बनवलेल्या ईमेलवर. चार-पाच महिन्यांनी आमची काउन्सेलर नोकरी सोडून गेली. नवीन मुलाने पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं, दहावीच्या मार्कांसकट. मधल्या काळात एका विद्यापीठाने जादा कागद मागितला होता तो ईमेल कुणी उघडलाच नव्हता. मुदत संपायच्या दोन दिवस आधी तो कागद गेला. त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून तिथे जाऊन बसले आणि सगळे आयडी-पासवर्ड लिहून घेतल्याशिवाय उठले नाही. पालकांनो, करारावर सही करण्याआधी हे लिहून घ्या: ईमेल मुलाचा, पासवर्ड मुलाकडे, सल्लागाराला फक्त बघायला.

चांगलं काय ते पण लिहिते, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. तारखांचं वेळापत्रक त्यांचं उत्तम होतं. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, पण अर्जाच्या मुदती सगळ्यांच्या सारख्या नसतात, कुणाची १५ जुलै, कुणाची ३१ मे, काहींची त्याहून बरीच आधी. एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं जर्मनीसाठीचं प्रमाणपत्र, त्याचं त्यांनीच आधी बजावलं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, त्याची फी १८,००० रुपये आणि ते हातात यायला आठवडे लागतात, म्हणून सगळ्याच्या आधी याचा अर्ज. ‘युनी-असिस्ट’मधून, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, जाणाऱ्या अर्जांना पहिल्याला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो, हा खर्चही त्यांनी सुरुवातीलाच सांगितला होता. व्हिसाची फाइल तर त्यांनी इतकी नीट लावून दिली की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसच्या केंद्रात शेजारी बसलेल्या एका वडिलांची कागदं जमिनीवर पसरली होती. आमची फ्लॅग लावून गेली.

पैशांकडे येते, कारण इथे सल्लागाराचं ज्ञान संपतं.

जर्मनीच्या व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लागतं. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथे गेल्यावर मुलाला महिन्याला ९९२ परत मिळत राहतात. ही फी नव्हे, मुलाचाच घरखर्च आहे, हे आमच्या नातेवाइकांना समजावता समजावता नवरा थकला. युरो शंभर रुपयांचा धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या जवळ जाते. आणि एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात दहा लाखांपेक्षा जास्त स्वतःचे पैसे बाहेर पाठवले तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख आहे, पूर्वी सात होती. टीसीएस बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असल्याने आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून थोडे थोडे पाठवले तर प्रश्नच येत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागतच नाही. सल्लागाराने यातलं काहीही सांगितलं नाही. उलट “फॉरेक्स आमच्याच माणसाकडून करा” असा आग्रह होता. त्यांचा दर आणि आमच्या बँकेचा दर मी एकाच दुपारी मागवला. बँकेचा कमी निघाला.

कर्ज घेताना घराचे कागद निघाले. आमचा सिंहगड रोडचा फ्लॅट सासूबाई आणि नवरा यांच्या नावावर आहे, म्हणजे सासूबाईंची सही हवी. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी इंडेक्स-टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि जुन्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट मागितला. सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठण्यात जितके दिवस गेले तितके एपीएसलाही लागले नसतील. सासूबाईंनी एकच विचारलं, “ती फेडू शकली नाही तर घर जाईल का?” नवरा गडबडला. मी सरळ सांगितलं की हो, कागदावर तसंच असतं. म्हणून आपण तिच्या पगाराच्या भरवशावर कर्ज घ्यायचं नाही, आपल्या दोघांच्या पगारावर हप्ता झेपेल एवढंच घ्यायचं. त्या रात्री कर्जाचा आकडा खाली आला आणि सकाळी त्यांनी सही केली. धायरीच्या आमच्या एका नातेवाइकांचं घर गुंठेवारीतलं, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं, आहे. त्यांना बँकेने तारण म्हणून ते घ्यायला नकार दिला, मुलीच्या व्हिसाची तारीख तोंडावर असताना. तुमच्या घराचे कागद बँक स्वीकारते का, हे विद्यापीठांची यादी करायच्या आधी विचारा.

आणखी एक: हप्ता शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो, व्याज मात्र पहिला पैसा उचलल्या दिवसापासून लागतं. व्याजावर आयकरात (१९६१च्या कायद्याचं कलम ८०-ई) आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत असाल तरच. नव्या प्रणालीत गेलेल्यांना सल्लागार हे ८०-ई दाखवून कर्ज ‘स्वस्त’ करून सांगतात, तेव्हा मान डोलावू नका.

बारावीनंतर लगेच जर्मनीला पाठवणाऱ्यांसाठी थोडक्यात: आपली बारावी तिथे थेट पदवीला पुरेशी धरत नाहीत. एक तर स्टुडिएनकोलेग (तिथलं पदवीआधीच्या तयारीचं वर्ष), नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्या विषयाचं एक वर्ष, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल तर तांत्रिक शाखांना थेट. आमच्या सल्लागाराकडे बारावीवाल्यांना सर्रास खासगी विद्यापीठाचं ‘पाथवे’, म्हणजे तयारीचा अभ्यासक्रम, विकत होते. इंग्लंडला जाणाऱ्यांनी एवढं बघा की बँकेतली रक्कम सलग २८ दिवस पडून असायला लागते, एक दिवस खाली गेली तरी मोजणी पुन्हा सुरू. आणि शिक्षणानंतर तिथे राहण्याची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार आहे. ‘दोन वर्षं मिळतात’ असं अजून कुणी सांगत असेल तर त्याला तारीख विचारा.

भाषेसाठी लेक एफसी रोडच्या रानडे इन्स्टिट्यूटला जाते. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला, असं काउन्सेलर म्हणाला होता. शिक्षण इंग्रजीत होईल, पण घरमालकाशी, डॉक्टरांशी आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला जर्मनच लागणार आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते, त्यातही जर्मन येणाऱ्याला आधी बोलावतात. पॅकेजच्या रकमेत रानडेच्या फीचे कित्येक हप्ते निघाले असते, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते की व्हिसाची फाइल तपासून घेण्यापुरते पैसे देऊन सल्लागार जरूर घ्या, संपूर्ण पॅकेज घेऊ नका. असं सुटं काम करणारे आहेत, फक्त ते बोर्डवर लिहीत नाहीत, विचारावं लागतं. परताव्याची अटही वाचा. आमच्या करारात ‘प्रवेश न मिळाल्यास परतावा’ असं ठळक होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘आम्ही सुचवलेल्या सर्व विद्यापीठांत अर्ज केला असल्यास’. म्हणजे ती निम्मी खासगी पण धरून.

सध्या दोन प्रवेश हातात आहेत. एक बाडेन-वुर्टेनबर्गमध्ये, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. दुसरं नॉर्थ राइन-वेस्टफालियात, फी नाही, फक्त सत्राचं तीनेकशे युरो शुल्क, त्यात बस-ट्रेनचा पास. लेकीला पहिल्याची प्रयोगशाळा आवडली आहे आणि मला दुसऱ्याचा हिशेब. दोन्ही शहरांच्या वसतिगृहांना तिने प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाकलाय, कारण खोलीची प्रतीक्षा यादी लांब असते. ज्या गावी खोली आधी मिळेल तिथे जायचं का, यावर काल जेवताना पुन्हा वाद झाला.